फ्लॅशच्या दिव्याला नारिंगी पदर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी कोणीतरी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, हा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर या जागेवरून लोणच्यांविषयी ऐकले, बँकेच्या व्यवहाराविषयी ऐकले, गुडघेदुखीविषयी तर दोनदा ऐकले. माझ्या वाट्याला आलेला विषय थोडा निराळा आहे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर लावायचे रंगीत पडदे घरच्या घरी कसे करावेत, हे मला सांगायचे आहे. मी पुष्कळ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे मधूनमधून फळा-खडूची सवय डोके वर काढील. ती आपण सांभाळून घ्यालच.

विषय ऐकून काही जणींच्या मनात येईल, की हे फोटोवाल्याचे काम, आपल्याला त्याचे काय? पण आता मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो बहुधा आपणच काढतो. कोणाच्या मुलाने नवा घेतल्यावर जुना कॅमेरा आईला दिलेला असतो, कोणाच्या हातात मोबाइल असतो. फोटो भरपूर निघतात, पण त्यांतले रंग मात्र पुष्कळदा आपले नसतात. चेहरा राखेसारखा, साडी भलत्याच रंगाची आणि पाठीमागची भिंत केशरी, असा प्रकार होतो. मग आपण म्हणतो, माझा फोटोच चांगला येत नाही. भगिनींनो, दोष आपल्या चेहऱ्याचा नसतो. दोष दोन दिव्यांच्या भांडणाचा असतो. ते भांडण मिटवायला दुकानातला जिलेटिनचा कागद, परकराचे इलॅस्टिक आणि जुनी लग्नपत्रिका एवढे सामान पुरते.

भांडण कसले, ते आधी पाहू. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी घरात पिवळा बल्ब लावा आणि खिडकीबाहेर पाहा. बाहेरचा उजेड गर्द निळा दिसतो. आता बाहेर अंगणात जाऊन पाच-दहा मिनिटे उभ्या राहा. तोच उजेड साधा वाटू लागतो आणि घराची खिडकी नारिंगी दिसते. उजेड तोच, डोळाही तोच, पण डोळ्याने आणि मेंदूने मिळून त्या जागेच्या उजेडाला पांढरे मानून घेतलेले असते. आपला डोळा मोठा समजूतदार आहे, पडेल त्या उजेडाशी तो जमवून घेतो. कॅमेऱ्यालाही थोडे जमवता येते, पण एका फोटोत एकाच उजेडाशी. एका चित्रात दोन रंगांचे उजेड आले, की एकाला पांढरे मानताना दुसरा रंगीत ठरतो.

उजेडाचा रंग मोजायचे माप आहे, त्याला केल्व्हिन म्हणतात. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवा. तापू लागले की आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे आणि फार तापले की पांढरे. त्याहून तापवता आले असते, तर निळसर दिसले असते. म्हणून या मापात आकडा लहान तेवढा उजेड पिवळा-तांबडा आणि आकडा मोठा तेवढा निळसर. समई-निरांजनाचा उजेड साधारण १९०० केल्व्हिनचा, घरातल्या पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००, सभागृहातल्या हॅलोजनचा ३२०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५००. आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा? तोही ५५०० ते ६०००, कारण तो उन्हाशी जुळावा असाच बनवलेला असतो. हल्लीच्या एलईडी दिव्यांच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. पिवळ्या दिव्यावर २७०० किंवा ३०००, पांढऱ्यावर ६५००. घरी गेल्यावर खोके फेकलेले नसेल तर अवश्य पाहा.

म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या सभागृहात आपण फ्लॅश उडवतो, तेव्हा रात्रीच्या खोलीत दुपारच्या उन्हाचा एक तुकडा फेकतो. तो पडतो पुढच्या चेहऱ्यांवर. पाठीमागे मात्र सभागृहाचा पिवळा उजेडच राहतो. कॅमेऱ्याला फ्लॅशपुरते जुळवले, की पाठीमागे सारे केशरी. सभागृहापुरते जुळवले, की पाठीमागचे ठीक आणि चेहरे निळे. काहीही केले तरी एक बाजू रुसतेच.

आता उपाय. तो आपल्या मोरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पांढरे धोतर, पांढरी चादर वापरून पिवळी पडली, की आपण काय करतो? नीळ देतो. पिवळ्यावर निळा हा उतारा, हे आपल्या आजीला कोणी शाळेत शिकवले नव्हते, पण ती बरोबर निळीचे पाणी करी आणि जास्त झाली तर पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढी. रंग जुळवण्याचे सारे शास्त्र त्या बादलीत आहे. फरक इतकाच, की आपला फ्लॅश आधीच निळीत बुचकळून आलेला आहे. त्याला उतारा नारिंगीचा. फ्लॅशच्या काचेवर योग्य तेवढा नारिंगी पडदा लावला, की त्याचा उजेड बल्बच्या उजेडासारखा होतो. मग खोलीत दोन उजेड उरत नाहीत, एकच उरतो, आणि त्या एकाशी जुळवून घेणे कॅमेऱ्याला सोपे जाते.

ही युक्ती नवी नाही. फ्रान्समध्ये ल्युमिए बंधूंनी १९०७ मध्ये रंगीत छायाचित्राच्या काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या पिठाचे कण तीन रंगांत रंगवून ते काचेवर पसरलेले असत. पण ती काच निळ्या उजेडाला फार हळवी, म्हणून फोटो काढताना लेन्सवर पिवळसर-नारिंगी काच लावावी लागे. पुढे एकदाच पेटून विझणारे फ्लॅशचे बल्ब आले. त्यांचा उजेड उन्हापेक्षा पिवळा, म्हणून उन्हासाठी बनवलेल्या रंगीत फिल्मकरिता त्या बल्बांवर निळ्या रोगणाचा थर देत. ती शुद्ध नीळच झाली. मग विजेचा फ्लॅश आला. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ मध्ये क्षणात झगमगून विझणाऱ्या दिव्याने फोटो घेण्याची पद्धत सिद्ध केली आणि त्या वाटेने आजचा फ्लॅश आपल्या हातात आला. ॲपल कंपनीने २०१३ मध्ये आपल्या एका मोबाइलला एक पांढरा आणि एक अंबर रंगाचा असे दोन लहान दिवे लावले, तेही याचसाठी. खोलीतल्या उजेडाप्रमाणे दोन्हींचे प्रमाण मोबाइल ठरवतो. आपण तेच हाताने करणार आहोत.

आता ही खटपट मी का सुरू केली, ते सांगते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे आपण सर्वांनी वाचले होते. आपल्या मंडळातही त्यावर बोलणे झाले आणि २०२३ च्या संक्रांतीपासून हळदीकुंकू प्रत्येक सभासद बाईला लावायचे, कोणाला वगळायचे नाही, असे ठरले. त्या संध्याकाळी आपल्या एका ज्येष्ठ काकूंनी तीस वर्षांनंतर कपाळी कुंकू लावून घेतले. काळी चंद्रकळा नेसून त्या आल्या होत्या. नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने होते, तिच्याशेजारी काकूंना बसवले. फोटो काढायला बाहेरून एकांना बोलावले होते. त्यांनी सभागृहाच्या पिवळ्या दिव्यांप्रमाणे कॅमेरा जुळवला आणि फ्लॅश उघडाच ठेवला.

फोटो हाती आले तेव्हा हलव्याचे दागिने नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखे दिसत होते. काकूंचा सावळा चेहरा शिशाच्या रंगाचा झाला होता आणि कपाळीचे कुंकू जांभळट. काकू बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “हा रंग माझा नव्हे गं.” ज्या कुंकवासाठी आपण सर्वांनी एवढे बोलणे केले, घराघरांतून समजूत घातली, ते कुंकू फोटोत कुंकू म्हणून दिसू नये, हे माझ्या मनाला लागले. पुढच्या संक्रांतीचे फोटो आपण आपल्या हाताने काढायचे, असे त्याच वेळी ठरवले.

तेव्हापासून जे करून पाहिले, त्यातून जमलेली कृती आता सांगते. ज्यांना लिहून घ्यायची असेल त्यांनी लिहून घ्यावी.

सामान असे. पारदर्शक जिलेटिनचा कागद, पिवळा, नारिंगी आणि फिका गुलाबी. स्टेशनरीच्या दुकानात आणि गणपतीच्या आराशीच्या सामानात तो मिळतो. चुरगळणारा चालेल, पण छापील नक्षीचा नको. नाटकाचे दिवे भाड्याने देणारे कोणी ओळखीचे असतील, तर त्यांच्याकडच्या नारिंगी जिलेटिनचे कातरलेले तुकडे मागून आणावेत. नाटकवाले त्याला अजून जिलेटिनच म्हणतात, कारण पूर्वी ते खरोखरच रंगवलेल्या जिलेटिनचे असे. आता ते उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे असते आणि त्याचा रंग मोजूनमापून दिलेला असतो. आपल्या कामाला ते सर्वांत चांगले, आणि फ्लॅशला लागतो बोटभर तुकडा. याशिवाय जाड लग्नपत्रिका, डिंक, कात्री, सुईदोरा आणि परकराचे इलॅस्टिक.

आधी माप, मग कात्री. पोलक्याला लागू तेच येथे लागू. फ्लॅशच्या काचेची लांबी-रुंदी मोजा. पत्रिकेचे सारख्या मापाचे दोन तुकडे कापा, काचेपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे. दोन्हींच्या मधोमध काचेएवढी खिडकी कापा. या दोन चौकटींमध्ये जिलेटिनचा तुकडा ठेवून कडा चिकटवा. चौकटीच्या दोन टोकांना इलॅस्टिक शिवा, म्हणजे ती फ्लॅशच्या डोक्यावर टोपीसारखी बसेल. फट राहू देऊ नका, फटीतून गेलेला पांढरा उजेड सगळे श्रम वाया घालवतो. फ्लॅशच्या अंगावर पुढे लहानसा डोळा किंवा लाल काच असते, ती मात्र झाकू नका. तिच्यावर फ्लॅशचे आणि कॅमेऱ्याचे काही काम चालते.

आता रंग किती गडद हवा? हिशेबाची आवड असलेल्यांसाठी एक युक्ती आहे. दहा लाखांना केल्व्हिनच्या आकड्याने भागावे. ५५०० ने भागले तर १८२ येतात, ३२०० ने भागले तर ३१२. दोहोंतला फरक १३०. तेवढा बदल आपल्या पडद्याने घडवायचा. हा भागाकार कशासाठी? केल्व्हिनचे आकडे फसवे आहेत. ५५०० आणि ६५०० यांत हजाराचा फरक असला तरी डोळ्यांना तो थोडाच वाटतो, भागाकाराने २८ येतो. २००० आणि ३००० यांतही हजाराचाच फरक, पण तेथे भागाकाराने १६७ येतात. शिवाय या भागाकाराची बेरीज करता येते. एका थराने साठ-पासष्टचा बदल होत असेल, तर दोन थरांनी साधारण दुप्पट होतो. म्हणून फिका कागद आणून थर वाढवत जाणे हे गडद कागद आणून पस्तावण्यापेक्षा बरे. मीठ जसे आपण बेताने घालतो, तसे.

हिशेब नको असेल, तर परीक्षा घ्या. रात्री खोलीत फक्त पिवळा बल्ब ठेवा, ट्यूबलाइट आणि टीव्ही बंद करा. टेबलावर एक पांढरा कोरा कागद ठेवा आणि त्यावर वाटीभर पांढरा हलवा. पहिला फोटो फ्लॅशशिवाय काढा. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याचा तोल, नावाची सोय असते. तेथे बल्बचे चित्र निवडा. कागद पांढरा दिसला, की ती सोय आता हलवायची नाही. ‘ऑटो’वर ठेवाल तर कॅमेरा दर फोटोला आपला विचार बदलेल आणि परीक्षेला अर्थ उरणार नाही.

मग सहा-सात फुटांवरून फ्लॅश लावून फोटो घ्या. पहिला उघड्या फ्लॅशचा, दुसरा एका थराचा, तिसरा दोन थरांचा, असे चढत जा. उघड्या फ्लॅशमध्ये कागद निळा दिसेल. थर वाढतील तसा निळेपणा उतरत जाईल. एका ठिकाणी तो पहिल्या फोटोतल्या कागदासारखा दिसेल, तेथे थांबा. आणखी एक थर चढवला, तर कागद केशरी होऊ लागेल, म्हणजे पाऊल पुढे पडले. हे फोटो पाहताना मोबाइलच्या पडद्यावरची रात्रीची पिवळी छटा बंद करा, नाहीतर पुन्हा तेच भांडण डोळ्यांपुढे उभे राहील.

येथे एक बारकावा आहे. नुसता पिवळा कागद वापरला तर उजेड हिरवट होतो. कारण पिवळा कागद निळ्याला अडवतो, पण हिरव्याला तांबड्याइतकेच सोडतो. बल्बच्या उजेडात निळा फारच कमी, हिरवा मध्यम आणि तांबडा भरपूर असतो. म्हणून हिरव्यालाही थोडे आवरावे लागते आणि ते काम गुलाबी कागद करतो. हळदीला कुंकवाची जोड हवी, असे लक्षात ठेवा. कागद हिरवट दिसला तर गुलाबी एक थर वाढवा, फोटो गुलाबीकडे झुकला तर तो काढून पिवळा वाढवा. मला आमच्या दुकानातल्या कागदाचे दोन पिवळे, एक नारिंगी आणि एक फिका गुलाबी असे प्रमाण जमले. आपल्या दुकानातला कागद निराळा असेल, तेव्हा माझे प्रमाण न घेता माझी परीक्षा घ्या. एकदा जमले, की चौकटीच्या कोपऱ्यावर पेनने लिहून ठेवा आणि त्याच कागदातून दोन-तीन पडदे एकदमच करून ठेवा. पुढच्या खेपेला आणलेल्या कागदाचा रंग तोच असेल, याची खात्री नसते. शिवाय हा कागद वापरून आणि उजेडात राहून विटतो, म्हणून पाकिटात घालून कपाटात ठेवावा.

पडद्याने रंग जुळतो, पण उजेड घटतो. बल्बशी जुळणाऱ्या पूर्ण नारिंगी पडद्यात साधारण निम्मा उजेड अडतो. फ्लॅश आपोआप जोर ठरवणारा असेल तर तो ते भरून काढतो. हाताने ठरवायचा असेल तर जोर दुप्पट करावा, किंवा थोडे जवळ जावे.

प्रत्येक जागेला हाच पडदा नाही, हेही सांगितले पाहिजे. पांढऱ्या एलईडी ट्यूबच्या खोलीत फ्लॅश उघडाच ठेवला तरी बहुतेक जमते. जुन्या काचेच्या ट्यूबलाइटचा उजेड हिरवट असतो, तेथे फ्लॅशवर अगदी फिका हिरवा कागद लावतात आणि कॅमेऱ्यात ट्यूबचे चित्र निवडतात. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात पाठमोऱ्या प्रकाशात बसलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा असेल, तर बल्बसाठी केलेल्या पडद्याच्या निम्मे थर पुरतात. चेहरा त्या संध्याकाळचाच वाटतो, वरून चिकटवल्यासारखा दिसत नाही.

समईचे मात्र निराळे. औक्षणाच्या वेळी निरांजनाची ज्योत फोटोत पांढरीफटक दिसली, तर ते औक्षण वाटेल का? तेथे बल्बचा पडदा आणि कॅमेऱ्यात बल्बचेच चित्र ठेवावे. चेहरा नेहमीसारखा येतो आणि ज्योत त्याहून पिवळी असल्यामुळे सोनेरीच राहते. रंग जुळवणे म्हणजे सगळे पांढरे करणे नव्हे. डोळ्यांना जसे दिसले तसे राहू देणे, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइलच्या फ्लॅशलाही हीच युक्ती लागू आहे, तेथे नखाएवढा तुकडा पारदर्शक चिकटपट्टीने लावला की काम होते. लेन्सवर मात्र तो येऊ देऊ नका.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी, आणि या विसरू नयेत. पहिली, फ्लॅश काही झाले तरी उघडायचा नाही. त्याच्या पोटात विजेचा साठा करणारा भाग असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. आपले सगळे काम बाहेरून. दुसरी, पूर्ण जोराने भराभर फ्लॅश उडवला तर काच तापते आणि कागद वितळून तिला चिकटतो. मधूनमधून थांबावे. हा कागद हॅलोजनच्या किंवा साध्या बल्बच्या अंगाला कधीही गुंडाळू नये, तो पेट घेऊ शकतो. निरांजनाच्या तबकापासूनही चौकट दूर ठेवावी. तिसरी, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांजवळ फ्लॅश उडवू नये. तो छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवावा, उजेड मऊ होऊन खाली येतो. भिंत रंगीत असेल तर तिचा रंग मिसळतो, हे ध्यानात असू द्यावे.

२०२४ च्या संक्रांतीला ही चौकट घेऊन आपण सभागृहात गेलो. आपल्यातल्याच दोघी-तिघींनी फोटो काढले. हलवा पांढरा आला, चंद्रकळा काळी आली, आणि काकूंच्या कपाळीचे कुंकू लाल आले. चेहरा त्यांचा जसा होता तसा, सावळा आणि तुकतुकीत. फोटो पाहून त्या म्हणाल्या, “हं, ही मी.” त्याच वर्षी पावसाळ्यात काकू गेल्या. त्यांची मुलगी नागपूरहून आली होती. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून तिने मंडळाकडे विचारणा केली. तिच्यापुढे दोन्ही वर्षांचे फोटो ठेवले. तिने दुसरा उचलला, पदराने उगाचच पुसला आणि म्हणाली, “आईला कुंकू लावलेली मी लहानपणी पाहिली होती, त्यानंतर ही आत्ता पाहिली.” भगिनींनो, त्या वेळी मला वाटले, जिलेटिनच्या कागदाची याहून मोठी किंमत काय व्हायची?

या निमित्ताने रंगाविषयी आणखी एक शब्द बोलते. फोटोत गोरे दिसावे अशी आपल्याकडे फार हौस. लग्नाच्या फोटोत तर मुलीला दोन हात गोरे करूनच देतात. मोबाइलही न विचारता चेहरा उजळतो. पण हा खोडसाळपणा आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतल्या कोडक कंपनीकडून १९५० च्या दशकापासून छपाईचे रंग जुळवण्यासाठी एका बाईचे नमुन्याचे चित्र प्रयोगशाळांना जाई. ते वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचेच असे. तिची कांती बरोबर आली, की रंग बरोबर, असा हिशेब. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले नमुने १९९० च्या दशकात आले. तोपर्यंत सावळ्या चेहऱ्यांना दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालावे लागले. आपण करतो ती चौकट कोणाला गोरे करण्यासाठी नाही आणि कोणाला काळे करण्यासाठीही नाही. पांढऱ्या कागदाशी इमान राखले, की प्रत्येकीचा रंग आपोआप तिचा तिला मिळतो.

हे यंत्राचे काम आपल्याला जमायचे नाही, असे कोणी म्हणू नये. उजेडाशी आपल्या बायकांचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके फिल्मचे काम करीत, रसायने मिसळीत, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक पाहत, आणि चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, असे सांगतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या दिल्लीच्या राजकीय गर्दीत वावरल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या मानाने पत्रिकेची चौकट शिवणे काहीच नाही.

मी चार चौकटी करून मंडळाच्या कपाटात, वरच्या खणात ठेवल्या आहेत. पाकिटावर बल्ब, निम्मा बल्ब, ट्यूब आणि समई असे लिहिले आहे. ज्यांच्याकडे कार्य असेल त्यांनी वहीत नाव लिहून खुशाल न्याव्यात आणि परत आणून ठेवाव्यात. ज्यांना स्वतः करून पाहायच्या असतील, त्यांनी पुढच्या शनिवारी दुपारी पांढरा कागद, वाटीभर हलवा आणि आपला कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन यावे. हलवा परीक्षेपुरता शिल्लक ठेवून यावे, एवढीच विनंती.